तज की दालचिनी?

माझ्या मेहुण्यांची दापोलीजवळ नारळ-सुपारीची बाग आहे. माडांच्या मधल्या जागेत जायफळ आणि दालचिनी. दालचिनी ‘कोकण तेज’ वाणाची, म्हणजे दापोलीच्याच कृषी विद्यापीठाने काढलेली. पुण्याला येताना ते आमसुलं विसरतील, पण सालींची पुरचुंडी विसरणार नाहीत. आमची मुलगी नोकरीसाठी काही वर्षं अमेरिकेत, ओहायोत होती. परत आली ती वजनकाटा, मापाचे चमचे आणि भाजण्याचा नाद घेऊन. तिची हातखंडा वस्तू म्हणजे स्निकरडूडल. लोणी, साखर आणि मैद्याचा गोळा दालचिनी-साखरेत घोळवून भाजायचा. वर भेगा पडलेली, कडेला खुसखुशीत, मध्ये मऊ आणि जिभेला किंचित आंबट लागणारी कुकी तयार होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ती अमेरिकी पाककृतींत दिसते. तिकडे नाताळच्या डब्यात ती असावीच लागते, असं मुलगी सांगते.

हे दोघं मध्यंतरी आमच्या ओट्यापाशी समोरासमोर आले. विषय दोघांनाही माहीत, आणि माघार दोघांनाही माहीत नाही. मी स्टुलावर बसून ऐकत होतो. जमेल तसं उतरवलं आहे. मामाच्या काही खास कोकणी शब्दांना मात्र कात्री लावली आहे.

मामा : ही कसली काठी गो?

भाची : दालचिनी. आणि काठी काय म्हणतोस?

मामा : काठी नाही तर काय! एकच जाड साल, दोन्ही कडांनी आत वळलेली. बोटांनी मोडून दाखव बघू. नाही मोडत ना? हा तज. दालचिनी ही बघ. पातळ पापुद्रे, एकात एक घातलेले. चिमटीत धरलं की चुरा. झाडंही वेगळी. दालचिनी श्रीलंकेची, केरळची, आपल्या कोकणातली. तज येतो चीन, व्हिएतनाम, इंडोनेशियातून. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांतसुद्धा दोघांची मानकं वेगळी लिहिलेली आहेत. पण दुकानात दालचिनी मागा, तजच पुढे येतो, कारण तो कितीतरी स्वस्त. फसवलंन तुला दुकानदाराने.

भाची : नाही फसवलं. मी मागूनच तज आणलाय.

मामा : (माझ्याकडे वळून) भावोजी, ऐकताय ना?

भाची : बाबांना कशाला मध्ये घेतोस? अरे, अमेरिकेत बाटलीवर दालचिनी लिहिलेलं असतं आणि आत बहुतेक वेळा इंडोनेशियाचा नाहीतर व्हिएतनामचा तज असतो. तिथला कायदा दोन्हींना एकाच नावाने विकू देतो. दालचिनीचा वास म्हणून तिथली पोरं जो ओळखतात, तो तजाचा वास. ही कुकी त्या वासाची आहे. तुझी साल घातली तर छानच काहीतरी होईल, पण स्निकरडूडल होणार नाही.

मामा : म्हणजे हिच्यात नकली माल हाच असली मसाला?

भाची : दालचिनी म्हणून विकला तर नकली. तज म्हणून घेतला तर त्याच्यात नकली काय?

हा गुण मी मनातल्या मनात मुलीला देऊन टाकला. तजाला आपण उगाच चोर ठरवतो. चोरी पाटी बदलणाऱ्याची असते, झाडाची नाही. शिवाय आपल्या अर्ध्याअधिक घरांतला मसाला पिढ्यान्‌पिढ्या तज घालूनच झाला असेल आणि कुणाची काही तक्रार नाही. पण मामा असा सुटणारा नव्हता.

मामा : बरं, असू दे तज. पण गोडात? आपण गोडात वेलची घालतो, जायफळ घालतो, केशर घालतो. दालचिनी गोड्या मसाल्यात, मसालेभातात, मटणात. फार तर काढ्यात. बिस्किटाला दालचिनी लावली की मला मसालेभातात साखर पडल्यासारखं वाटतं.

भाची : ही आपली सवय झाली. त्यांच्याकडे दालचिनी म्हणजे साखरेची जोडीदारीण. सफरचंदाच्या पायमध्ये, पावाच्या टोस्टवर, सगळीकडे दोघी बरोबर. भातात घातली तर ते लोक दचकतील. आणि तूच मागे म्हणाला होतास, जायफळ मटणातही जातं आणि श्रीखंडातही.

मामा : जायफळाची गोष्ट निराळी.

भाची : कशी काय निराळी?

मामा : निराळी म्हणजे निराळी. बरं, हे पांढरं काय?

जायफळाचा मुद्दा मामाने अशा रीतीने टाकला, तो पुन्हा उचलला नाही. पांढरं म्हणजे क्रीम ऑफ टार्टर. माझ्या मते या कुकीतली सर्वांत मनोरंजक वस्तू तीच, त्यामुळे इथे मीही कान टवकारले.

भाची : द्राक्षाच्या वाइनच्या पिंपांना आतून खडे चिकटतात, ते स्वच्छ करून ही पूड बनवतात.

मामा : म्हणजे दारू घालतेस?

भाची : दारूचा थेंब नाही रे, हा क्षार आहे. चिंचेत जे टार्टारिक आम्ल असतं, त्याचाच. ही पूड आंबट. सोड्याशी गाठ पडली की वायू सुटतो आणि गोळा फुगतो. एक चमचा सोड्याला हिचे साधारण दोन चमचे लागतात, म्हणजे सोड्याची साबणासारखी चव मागे राहत नाही. शिवाय ही साखरेचे पुन्हा दाणे होऊ देत नाही, म्हणून कुकी मध्ये चिवट-मऊ राहते.

मामा : मग सरळ बेकिंग पावडर घाल. ती तर कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही मिळते.

भाची : फुगायला फुगेल. पण आंबटपणा गेला की उरते ती दालचिनी लावलेली साधी साखर-कुकी. दोघींमधला फरक हाच तर आहे.

मामा : लिंबू पीळ मग.

भाची : पीठ ओलं होतं, आणि लिंबाचा स्वतःचा वास असतो. मामा, बेकिंगच्या सामानाच्या दुकानात ही बाटली मिळते आणि एक घेतली की वर्षभर पुरते.

यानंतर लोणी की तूप असा एक फेरा झाला. तो थोडक्यात सांगतो, कारण त्यात मामा भांडण्यापेक्षा आठवणींतच जास्त रमला. त्यांच्या लहानपणी दिवाळीच्या आधी घरचा मैदा, तूप आणि पिठीसाखर डब्यांत भरून बेकरीत न्यायची. बेकरीवाला त्याची नानकटाई करून द्यायचा, मजुरी घ्यायचा आणि पोरांनी भट्टीसमोर ताटकळत बसायचं. आपल्याच तुपाची नानकटाई आपल्याला मिळते आहे ना, यावर घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाने पहारा ठेवायचा. मामाचं म्हणणं, ओव्हनमधली कला ही बेकरीवाल्याची, घरच्या बाईची नव्हे. भाचीचं म्हणणं, त्या पहाऱ्यातच तुझं उत्तर आहे. आत काय पडतं ते आपल्या हातात हवं, म्हणून घरी भाजायचं.

तुपाबद्दल मात्र तिचं उत्तर सरळ होतं. तुपात पाणी नसतं, म्हणून नानकटाई भुसभुशीत होते आणि तोंडात विरघळते. लोण्यात सुमारे 80 टक्के स्निग्धांश आणि पंधरा-सोळा टक्के पाणी असतं. त्या पाण्याने मैद्याला थोडा चिवटपणा येतो, वाफ होऊन गोळा उचलला जातो. स्निकरडूडलला तो चिवटपणा हवा. तूप घातलंत तर दालचिनीची नानकटाई होईल. तीही वाईट नाही, असं मला वाटतं, पण त्या दोघांच्या मध्ये बोलायची सोय नव्हती.

बोलता बोलता भाचीचं काम चाललंच होतं. 115 ग्रॅम मऊ लोणी आणि 150 ग्रॅम साखर तिने फेटली. साखर मिक्सरमधून फिरवलेली, कारण आपली नेहमीची साखर जाडसर असते आणि लोण्यात लवकर मुरत नाही. त्यात एक अंडं. मग 180 ग्रॅम मैदा, चहाचा एक चमचा क्रीम ऑफ टार्टर, अर्धा चमचा सोडा, चिमूटभर मीठ. लोणी खारं असेल तर ही चिमूटही नको. मैदा पडल्यावर जेमतेम मिसळण्यापुरतंच ढवळायचं. गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये. एप्रिल-मे असेल तर तास, कारण लोणी 32-35 अंशांना वितळतं आणि पुण्याचं स्वयंपाकघर तेव्हा त्याहून तापलेलं असतं. न गारवता भाजलं तर कुकी ट्रेभर पसरून एकच पोळी होते.

घोळवायला दोन मोठे चमचे साखर आणि दोन छोटे चमचे दालचिनी. ही साखर मात्र दळायची नाही, तिचे दाणे दाताखाली यायला हवेत. या दोन छोट्या चमच्यांवरूनच खरा वाद पेटला.

मामा : तज किती घातलास?

भाची : पाच ग्रॅमच्या आसपास. वीस कुक्या होतील.

मामा : तजात कुमारिन असतं, माहितेय? यकृताला त्रास देणारं. किलोला सरासरी तीन ग्रॅम तरी धर. आमच्या दालचिनीत ते नावाला सापडतं. आणि ही बिस्किटं खाणार कोण? तुझी पोरगी. वजन किती तिचं?

भाची : पंधरा किलो.

मामा : युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेने मर्यादा ठरवली आहे. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 0.1 मिलिग्रॅम. घे कागद, मांड हिशेब.

भाचीने खरंच कागद घेतला. वीस कुक्यांना पाच ग्रॅम तज, म्हणजे एकीला पाव ग्रॅम. किलोला तीन ग्रॅम या हिशेबाने पाव ग्रॅमात 0.75 मिलिग्रॅम कुमारिन. पंधरा किलोच्या मुलीची दिवसाची मर्यादा दीड मिलिग्रॅम. दोन कुक्यांत संपली. साठ किलोच्या मोठ्या माणसाला हीच मर्यादा आठ कुक्यांपर्यंत पुरते.

स्वयंपाकघरात थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मामाला जिंकल्याचा आनंद झाला होता आणि तो लपवायचा त्याने प्रयत्नही केला नाही.

भाची : पूर्ण सांग ना मग. ही मर्यादा जन्मभर रोज खाण्यासाठीची आहे. त्याच संस्थेने म्हटलंय की आठवडा-दोन आठवडे तिच्या तिपटीपर्यंत गेलं तरी काळजीचं कारण नाही. मी काही रोज भाजत नाही. आणि घोळवलेली सगळी साखर चिकटतेच असं कुठे आहे? बरीच ताटलीत उरते.

मामा : उरलेली ती बोटाने चाटते. बघितलंय मी.

भाची : डेन्मार्कची गोष्ट माहितेय तुला? त्यांचे दालचिनीचे गुंडाळी-पाव प्रसिद्ध. 2013 साली बेकरीवाले आणि तिथलं अन्नखातं यांची यावरूनच जुंपली. युरोपी नियमात रोजच्या बेकरी मालाला किलोमागे 15 मिलिग्रॅम कुमारिन चालतं आणि सणासुदीच्या, पारंपरिक मालाला 50. डेन्मार्कच्या खात्याने तो पाव रोजचा धरला. शेजारच्या स्वीडनने तसलाच पाव पारंपरिक धरला आणि तिथल्या बेकऱ्या निवांत राहिल्या. आता माझी कुकी. भाजून चोवीस-पंचवीस ग्रॅमची, त्यात 0.75 मिलिग्रॅम. किलोला तीस.

मामा : म्हणजे पंधराच्या वर.

भाची : आणि पन्नासच्या खाली. नाताळची कुकी नाताळला खाल्ली तर डेन्मार्कलाही चालते!

मी मध्ये बोललो ते इथेच. म्हटलं, हा एकच आकडा तुम्ही दोघं आपापल्या बाजूचा पुरावा म्हणून वापरताय. पण कुणी ऐकलं नाही. ट्रे ओव्हनमध्ये जायची वेळ झाली होती.

भाजले गेले दोन ट्रे. एकात तजाच्या, दुसऱ्यात मामाच्या सालीच्या. ओव्हन 190 अंशांवर आधीच तापवलेला. आपल्या छोट्या ओव्हनची मागची बाजू जास्त तापते, म्हणून पाच मिनिटांनी ट्रे फिरवायचा. नवव्या-दहाव्या मिनिटाला कडा धरलेल्या आणि मधला भाग कच्चा वाटावा असा असताना बाहेर काढायच्या. उरलेलं काम तापलेल्या ट्रेवर होतं. मध्येही कडक दिसेपर्यंत थांबणाऱ्याला गार झाल्यावर दाताने फोडायची बिस्किटं मिळतात.

तजाचा ट्रे आत असताना जिन्यापर्यंत वास गेला. शेजारच्या दारातून विचारणा झाली. सिनामाल्डिहाइड नावाचं जे द्रव्य आपण दालचिनीचा वास म्हणून ओळखतो, ते तजाच्या तेलात जास्त. त्यामुळे तज अंगावर येतो, थोडा तिखटही लागतो, आणि लोणी-साखर-आंबट या गर्दीत स्वतःला ऐकू घालतो. मामाच्या सालीत लवंगेतलं युजेनॉलही असतं. तिचा वास मवाळ, काहीसा फुलांकडे झुकणारा. ती कुकी खाताना पहिल्या घासाला वाटतं, दालचिनी घालायची राहिली की काय. गिळल्यावर मागून कुठूनतरी येते. माझ्या बायकोला तीच आवडली. नातीने दोन्ही खाल्ल्या आणि मत दिलं नाही.

भाचीने सुचवलं, डोळे मिटून ओळख. मामाने डोळे मिटायला साफ नकार दिला.

मामा : माझं झाड मला कळतं. फांदी तोडायची, वरची खरबरीत साल खरवडायची, पितळेच्या दांड्याने घासून आतली साल लाकडावरून सैल करायची, उभे छेद देऊन सोडवायची, पापुद्रे एकात एक घालून सावलीत वाळवायचे. सोलणारा हात बसलेला लागतो आणि तसा माणूस आता मिळत नाही. इतकं करून ती तुझ्या लोणी-साखरेत बुडवायची हेच मला पटत नाही. ती दुधात घाल, चहात घाल.

भाची : आता तू माझ्याच बाजूने बोलतोयस. म्हणजे या कुकीला तज घालू?

मामा : घाल. पण पोरीला नको देऊ.

भाची : पोरीसाठीच तर करते मी!

मामा : मग तिच्या वाटणीच्या माझ्या सालीत घोळव. तिला कुठे तुझं ओहायो आठवतंय?

याला भाचीकडे उत्तर नव्हतं. तिने फक्त मामाची पुरचुंडी वेगळ्या बरणीत भरून वर चिठ्ठी लावली.

एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत होतं आणि ती गोष्ट वाचकांपर्यंत जायला हवी. दळलेली पूड दोघंही घेत नाहीत. सालीकडे बघून तज की दालचिनी ते कुणालाही सांगता येतं, पुडीकडे बघून तज्ज्ञालाही कठीण. आणि फसवणूक फक्त तजाचीच असते असंही नाही. 2023च्या शेवटी अमेरिकेत लहान मुलांसाठीच्या सफरचंदाच्या लगद्याची पाकिटं बाजारातून परत मागवावी लागली. त्यांत घातलेल्या दालचिनीच्या पुडीत शिसं निघालं होतं आणि शेकडो मुलांना बाधा झाली होती. त्यानंतर तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने दुकानांतल्या दालचिनीच्या पुडी तपासल्या, तेव्हा आणखी काही पुडींत शिसं सापडलं.

तर माझा कौल. चवीपुरतं बोलायचं तर ही कुकी तजाचीच, यात मामाचं काही चालणार नाही. वर्षातून दोन-चारदा करणाऱ्याने बेधडक तज वापरावा. घरात लहान मूल असेल आणि डबा सतत भरलेला लागत असेल, तर पातळ पापुद्र्यांची दालचिनी घ्यावी. ती महाग पडते, पण वीस कुक्यांना लागते पाच ग्रॅम. दोन्हींपैकी काहीही घेतलंत तरी साल घ्या, दुकानातच एक मोडून बघा, आणि दळा घरी. तज आधी खलबत्त्यात ठेचून घ्या, नाहीतर मिक्सरच्या पात्यांची धार जाते. दालचिनीला एवढे कष्ट नाहीत. पूड बारीक चाळणीने चाळा, एका वेळेपुरतीच करा, आणि बरणीवर नाव लिहा.